'हँडल बाहेर येत नाही' : एका बिघाडाचा इतिहास

पेटच्या मुलाखतीत 'तुमचा रिसर्च प्रॉब्लेम काय?' असं विचारलं की बरेच जण विषयाचं नाव सांगतात. विषय वेगळा आणि प्रश्न वेगळा. हे नुसतं सांगून पटत नाही, म्हणून आज एक अगदी छोटी वस्तू घेऊ या: विजेवर चालणाऱ्या गाडीचं असं हँडल, जे एरवी दाराच्या पत्र्यात सपाट लपलेलं असतं आणि मालक जवळ आला की मोटरच्या जोरावर बाहेर येतं. टेस्लाच्या मॉडेल एस गाडीत ते २०१२ साली आलं, आणि पहिल्या काही वर्षांतच त्याच्या तक्रारीही यायला लागल्या. आज चीनने अशा हँडलांवर कायदा केला आहे. मधल्या काळात माणसं गाडीबाहेर ताटकळली, काही ठिकाणी आत अडकली. एवढ्याशा वस्तूचा इतिहास वाचताना संशोधनातल्या बऱ्याच गोष्टी उलगडत जातात. विषय यंत्रांचा आहे म्हणून जीवशास्त्राच्या किंवा समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी इथेच पान बंद करू नका, एवढी विनंती.

आधी साधं हँडल कसं चालतं ते बघू. तुम्ही ते ओढता, त्याला जोडलेली सळई किंवा केबल ओढली जाते, ती दाराच्या कडेतली लॅच सोडवते आणि दार उघडतं. सगळी ताकद तुमच्या हाताची. बॅटरी उतरलेली असू दे, चावीचा सेल संपलेला असू दे, कुलूप लावलेलं नसेल तर दार उघडणारच. ही गोष्ट इतकी सवयीची होती की ती कुणी अट म्हणून कागदावर लिहिली नाही. हे वाक्य जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मोटारीच्या दाराबद्दल पहिलं मोठं संशोधन झालं ते नेमक्या उलट्या प्रश्नावर. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात ह्यू डीहेवन आणि त्यांचे सहकारी अपघातांच्या नोंदी गोळा करत होते. अपघात का झाला यापेक्षा अपघातात माणसाला इजा नेमकी कशाने झाली, हा त्यांचा प्रश्न होता. त्यातून दिसलं की धडकेत दार आपोआप उघडतं, माणूस बाहेर फेकला जातो आणि त्याच्या मृत्यूची शक्यता वाढते. तोवर 'बाहेर फेकला गेला म्हणून वाचला' अशी लोकांची समजूत होती. आपल्याकडेही अजून कुणीतरी असं सांगणारं भेटतंच. फोर्डने १९५६ च्या गाड्यांत 'लाइफगार्ड' नावाखाली ज्या सुरक्षेच्या गोष्टी दिल्या, त्यांत धडकेत न उघडणारी लॅच होती. पुढे अमेरिकेच्या केंद्र सरकारने दाराच्या कुलुपांसाठी २०६ क्रमांकाचं मानक केलं, ते १९६८ च्या सुरुवातीपासून लागू झालं.

म्हणजे नियमांचा सगळा भर दार बंद राहण्यावर होता. बाहेरच्या माणसाला ते उघडता आलं पाहिजे, हे गृहीतच होतं. कुठलंही मानक वाचताना ते कोणत्या प्रश्नाचं उत्तर म्हणून जन्माला आलं ते आधी शोधा. त्यात काय नाही, याचा खुलासा बहुतेक वेळा तिथेच मिळतो.

आता सपाट हँडलाकडे. ही काही विजेच्या गाड्यांची देणगी नाही. १९५४ च्या मर्सिडीझ ३०० एसएलला, त्या पंखासारखी वर उघडणाऱ्या दारांच्या गाडीला, पत्र्यात बसणारं हँडल होतं: एक टोक आत दाबायचं, दुसरं बाहेर येतं, ते धरून ओढायचं. २००७ च्या निसान जीटी-आरचं तंत्रही साधारण तेच. या दोन्हींत हँडल बाहेर काढायला मोटर नाही.

इथे मला थांबून एक फोड करावीशी वाटते, कारण बातम्यांमध्ये तीन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली येतात. पहिली, हँडल सपाट असणं. दुसरी, ते मोटरने बाहेर येणं. तिसरी, लॅच तुमच्या हाताऐवजी विजेने सुटणं. या तिन्ही सुट्या असू शकतात. ३०० एसएलमध्ये पहिली आहे, दुसरी-तिसरी नाही. टेस्लाच्याच मॉडेल वायचं हँडल अंगठ्याने दाबून बाहेर काढायचं असतं, त्याला मोटर नाही, पण लॅच मात्र विजेवर. मॉडेल एसमध्ये तिन्ही एकत्र. 'लपणारी हँडलं धोकादायक आहेत का?' असा प्रश्न मांडलात, तर तुम्ही तीन चल राशी एकाच डब्यात घातल्या आहेत आणि येणारं उत्तर कुठल्या राशीचं हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

हे सगळं कशासाठी केलं? नेहमीचं उत्तर: हवेचा विरोध कमी होतो, एका चार्जिंगमध्ये गाडी जास्त जाते. चला, गणित करू. मॉडेल एसचा हवेच्या विरोधाचा गुणांक ०.२४, समोरून दिसणारं क्षेत्रफळ सुमारे २.३४ चौरस मीटर, हवेची घनता घनमीटरला १.२ किलो. ताशी १०० किलोमीटर वेगाला हवेचा विरोध येतो सुमारे २६० न्यूटन, आणि त्यावर मात करायला सुमारे ७.२ किलोवॅट. आता समजा सपाट हँडलांनी तो गुणांक ०.००३ ने कमी झाला. हा आकडा मी गणितापुरता धरला आहे, तुम्ही दुप्पट धरून बघा. वाचलेली शक्ती येते सुमारे ९० वॅट. पूर्वी घरोघरी असायच्या त्या शंभराच्या बल्बपेक्षाही कमी. ही शक्ती वेगाच्या घनाने बदलते, त्यामुळे शहरात ताशी ४० ने जाताना तीच बचत ६ वॅटच्या आत येते.

शून्य नाही, पण एवढ्याशासाठी चार मोटरी, चार गिअर आणि डझनभर स्विच बसवावे इतकीही नाही. आणि सपाटपणा तर मोटरशिवायही मिळतो, हे आपण आत्ताच पाहिलं. माझं मत विचाराल तर मोटर आली ती गाडीने मालकाचं स्वागत करावं म्हणून. त्यात गैर काही नाही. वस्तू सुंदर असावी असं वाटणं हीसुद्धा खरी गरज आहे. फक्त प्रबंधात कारण लिहिताना जाहिरातीतलं कारण उचलून ठेवू नका. पाच मिनिटांत, पाठकोऱ्या कागदावर, त्याचं वजन करता येतं.

आता मुख्य भाग, बिघाड. साध्या हँडलात हात आणि लॅच यांच्यामध्ये एक सळई होती. मॉडेल एसमध्ये त्या जागी काय आलं बघा. खिशातल्या चावीचा संदेश गाडीला मिळतो. गाडी ठरवते की कुलूप उघडायचं. हुकूम त्या दारापर्यंत जातो. मोटर फिरते, गिअर फिरतो, हँडल बाहेर येतं. एक छोटा स्विच कळवतो की हँडल पूर्ण बाहेर आलं. तुम्ही ओढता, तेव्हा आणखी एक स्विच कळवतो की कुणीतरी ओढलं. मग विजेने लॅच सुटते. दाराच्या काचेला चौकट नाही, म्हणून काच किंचित खाली येते आणि मग दार उघडतं. एवढ्या साखळीतली कुठलीही एक कडी तुटली की बाहेर उभ्या माणसाचं म्हणणं एकच: 'दार उघडत नाही.'

डॉक्टर 'ताप' हा आजार मानत नाहीत, तसं हे वाक्य म्हणजे बिघाड नव्हे, लक्षण आहे. सुरुवातीच्या मॉडेल एसचे मालक आणि त्या दुरुस्त करणारे मेकॅनिक हळूहळू शिकले ते लक्षणं फोडायला.

चारही हँडलं बाहेर येत नसतील, तर चारही मोटरी एका दिवशी मेल्या असं मानण्यात अर्थ नाही. दोष चौघांना सामाईक असलेल्या जागी शोधायचा: चावीचा सेल किंवा गाडीची १२ व्होल्टची लहान बॅटरी. (हो, शेकडो किलोंची बॅटरी जमिनीत असलेल्या या गाडीतही दारं, दिवे आणि संगणक चालवायला साध्या गाडीसारखी १२ व्होल्टची वेगळी बॅटरी असायची. मोठी भरलेली आणि छोटी उतरलेली, असंही होतं.) एकच हँडल येत नसेल तर कान लावायचा. आतून मोटरची घरघर ऐकू येते, पण हँडल हलत नाही? म्हणजे हुकूम पोचला, वीज पोचली, मोटरही ठीक. तुटलं आहे ते मोटर आणि हँडल यांच्यामधलं. सुरुवातीच्या हँडलांत हा दोष इतक्या वेळा सापडला की त्यातल्या ओतीव धातूच्या छोट्या गिअरच्या जागी बसवायला पोलादी गिअर बाहेरचे लोक बनवून विकायला लागले. आवाजच नसेल तर मोटर किंवा तिथपर्यंतची वायर. आणि हँडल थाटात बाहेर येतं, पण ओढलं तरी दार ढिम्म? तर 'कुणीतरी ओढलं' हे सांगणारा स्विच किंवा त्याची वायर.

यातली प्रत्येक पायरी म्हणजे साखळी मध्ये कापून 'दोष या बाजूला की त्या बाजूला?' एवढंच विचारणं. चावीऐवजी आतल्या पडद्यावरून कुलूप उघडून बघितलं की चावीची बाजू वेगळी पडते. एका वेळी एकच गोष्ट बदला, हे आपल्याला प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी सांगतात. का, ते अशा वेळी कळतं.

पण चाचणी काय सिद्ध करते आणि काय नाही, यात जपून. समजा पुढचं दार बाहेरून उघडत नाही आणि आतून उघडतं. मग 'लॅच ठीक आहे' असं लिहायचं का? सुरुवातीच्या मॉडेल एसमध्ये पुढच्या दाराचं आतलं हँडल वीज नसतानाही यंत्राने लॅच सोडवू शकतं. म्हणजे लॅचचा यांत्रिक भाग ठीक आहे एवढंच कळलं. विजेने ती सुटते का, हे अजून तपासलेलंच नाही. अर्धं तपासून पूर्ण निष्कर्ष लिहिणं ही आपल्या क्षेत्रातलीही जुनी खोड आहे.

दुसरा सापळा याहून गोड. अख्खं हँडल काढून नवीन बसवलं, तक्रार गेली, नोंद झाली: 'हँडल बदललं, समस्या सुटली.' गिऱ्हाईक खूश. ज्ञान किती वाढलं? दोष त्या डब्यात कुठेतरी होता, इतकंच. गिअर तुटला होता की वायर, हे कळायला जुना डबा उघडून बघायला लागतो. काही मालकांनी तो उघडला, कारण वॉरंटी संपल्यावर पूर्ण हँडलची किंमत आणि आतल्या स्विचची किंमत यांत जमीन-अस्मानाचा फरक होता. इथे कुतूहलाला पैशाच्या अडचणीने हातभार लावला, असं म्हणू.

उघडल्यावर जे सापडलं त्यातली वायरची गोष्ट मला सगळ्यात आवडते. हँडल दर वेळी आत-बाहेर होताना स्विचच्या बारीक वायरी थोड्या वाकतात. तांब्याचे तंतू वाकून वाकून कडक होतात आणि एकेक करून तुटतात, बहुतेक वेळा जिथे मोकळी वायर घट्ट बसवलेल्या भागाला मिळते तिथेच. वरचं प्लॅस्टिक मात्र शाबूत राहतं. त्यामुळे तुटलेली टोकं आत एकमेकांना कधी टेकतात, कधी नाही. सकाळी दार उघडत नाही, दुपारी उघडतं, आणि दुरुस्तीला नेलं की हटकून उघडतं! डोळ्यांना वायर अखंड दिसते. मल्टिमीटर लावला तरी 'सगळं ठीक' म्हणू शकतो, जोवर तुम्ही मोजता मोजता ती वायर हाताने वाकवत नाही. दोष हलण्यात असेल तर मोजमापही हलत्या अवस्थेतच करायला हवं.

धातू असा थकतो हे काही नवं नाही. जर्मनीत ऑगस्ट व्होलर यांनी १८५० आणि ६० च्या दशकांत रेल्वेच्या आसांवर प्रयोग केले आणि दाखवलं की एका झटक्यात जो भार धातू सहज पेलतो, तोच हजारो-लाखो वेळा आला तर धातू तुटतो. महत्त्वाची राशी किती वेळा ही. आणि आता प्रश्न येतो भाजकाचा. गाडीच्या दुरुस्तीच्या नोंदीत काय लिहिलेलं असतं? किलोमीटर आणि वर्षं. पण हँडलाला किलोमीटर माहीतच नाहीत. शहरात दिवसातून आठ वेळा कुलूप उघडणारी गाडी पाच वर्षांत हँडल १४,६०० वेळा बाहेर काढते; रोज दोनदाच उघडणारी, लांब पल्ल्याची गाडी ३,६५० वेळा. किलोमीटरने पाहिलं तर दुसरी गाडी जास्त वापरलेली. त्यातून नेहमीच्या सेटिंगला कुलूप उघडताना चारही हँडलं बाहेर येतात. म्हणजे मागे कधी कुणी बसलं नाही तरी मागच्या हँडलांची फेरी होतेच. 'मागचं दार तर आम्ही वापरतच नाही, ते कसं बिघडलं?' या तक्रारीचं एक साधं उत्तर इथे असू शकतं. पुढच्या आवृत्त्यांत टेस्लाने हँडलाची आतली रचना बदलली.

२०१५ साली या हँडलाची सगळ्यात गाजलेली नोंद झाली. अमेरिकेतली कन्झ्युमर रिपोर्ट्स ही संस्था चाचणीच्या गाड्या बाजारातून स्वतःच्या पैशाने विकत घेते. तिने मॉडेल एसची पी८५डी ही आवृत्ती घेतली, आणि २७ दिवसांत, सुमारे २,३०० मैल झाल्यावर, चालकाच्या दाराचं हँडल बाहेर येईना. बरं, दुसऱ्या दाराने आत शिरून चालवावी म्हटलं, तर गाडी गिअरमध्ये टिकेना. बहुधा दार उघडंच आहे असा तिचा समज झाला असावा, असं संस्थेने लिहिलं. एका हँडलामुळे अख्खी गाडी जागच्या जागी. दुसऱ्या दिवशी तंत्रज्ञ येऊन दारातले काही भाग बदलून गेला. वॉरंटीत असल्याने खर्च काही नाही.

हे झालं वसंतात. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच संस्थेने त्याच गाडीला १०० पैकी १०३ गुण दिले आणि आपली मोजपट्टीच अपुरी पडली असं जाहीर केलं. ऑक्टोबरमध्ये, मालकांकडून आलेल्या माहितीनंतर, तिनेच मॉडेल एसची शिफारस मागे घेतली. लोकांनी थट्टा केली, पण यात विसंगती नाही. गुण होते गाडी कशी चालते, थांबते, वळते यांचे. शिफारस अवलंबून होती ती टिकते का यावर. दोन राशी, दोन पद्धती: एका गाडीवर मैदानात केलेली काटेकोर चाचणी आणि शेकडो मालकांना विचारलेली प्रश्नावली. पहिलीतून दुसरीचं उत्तर मिळत नाही.

इथपर्यंतचा सगळा इतिहास 'काय तुटलं?' या प्रश्नाचा आहे. पुढचा प्रश्न वेगळा, आणि तो विचारायला वेळ लागला: तुटलं, तर दाराच्या आतल्या आणि बाहेरच्या माणसाचं काय होतं?

फेब्रुवारी २०१९ मध्ये फ्लोरिडातल्या डेव्ही गावात एक मॉडेल एस रस्त्याकडेच्या झाडावर आदळून पेटली आणि चालकाचा मृत्यू झाला. हँडलं आतच राहिल्याने मदतीला आलेल्यांना दार उघडता आलं नाही, असा आरोप कुटुंबीयांनी दाव्यात केला. मार्च २०२५ मध्ये चीनच्या आन्हुई प्रांतात शाओमी एसयू७ महामार्गावरच्या कठड्यावर आदळून पेटली, तीन विद्यार्थिनी गेल्या, आणि दारांबद्दल प्रश्न उठले. ऑक्टोबरमध्ये छंगदूत त्याच कंपनीची गाडी पेटली; लोक दार उघडायची धडपड करताहेत आणि ते उघडत नाही, हे दृश्य जगभर पाहिलं गेलं.

अशा घटनांवर लिहिताना हात आखडता ठेवा. दार उघडलं नाही हे एक विधान; दार उघडलं असतं तर माणूस वाचला असता हे दुसरं. दुसऱ्यासाठी धडकेचा वेग, आगीचा वेग, आधीच झालेली इजा हे सगळं लागतं. पण हा सावधपणा पहिल्या विधानावर पांघरूण घालायला वापरायचा नाही, हेही तितकंच खरं.

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २०२१ च्या मॉडेल वायची चौकशी सुरू केली. तक्रारी किती? नऊ. गाड्या किती? सुमारे १ लाख ७४ हजार. भागाकार केलात तर दुर्लक्ष करावं इतकं लहान उत्तर येतं. पण तक्रारी वाचा: आईवडील मुलाला मागे बसवायला किंवा उतरवायला गाडीबाहेर आले, आणि लहान बॅटरीचा दाब कमी पडल्याने बाहेरून दार उघडेना. चार वेळा काच फोडावी लागली. आत हाताने सोडवायची सोय आहे, पण ती तान्ह्या बाळाला कशी वापरता येणार? या प्रसंगात एकही भाग तुटलेला नाही. मोटर नाही, गिअर नाही, थकलेली वायर नाही. आपण इतका वेळ केलेली लक्षणांची फोड इथे फारशी उपयोगाची नाही, कारण दोष रचनेच्या निर्णयातच आहे: वीज गेली की बाहेरच्या हाताला काहीही करता येणार नाही, हे मंजूर करून टाकलेलं होतं.

आतली बाजूही अशीच. सुरुवातीच्या मॉडेल एसमध्ये वीज नसेल तर मागच्या प्रवाशाने सीटखालच्या गालिच्याची कड उचलायची, तिथली केबल शोधायची आणि गाडीच्या मध्याकडे ओढायची. ही सोय मालकाच्या पुस्तिकेत छापलेली आहे. मागच्या सीटवर बसताना आजवर पुस्तिका कुणी वाचली आहे? तपासणीच्या तक्त्यात मात्र 'हाताने उघडण्याची सोय: आहे' अशी बरोबरची खूण होणार. 'सोय आहे' आणि 'गाडी अनोळखी असलेल्या, घाबरलेल्या माणसाला अंधारात ती सापडते', यांत किती अंतर आहे, ते मोजणं हा पीएचडीचा विषय होऊ शकतो, आणि त्याला मानसशास्त्राचा विद्यार्थी यांत्रिकीवाल्याइतकाच लागेल.

जे कुणी लिहिलं नव्हतं ते शेवटी चीनने लिहिलं. २०२६ च्या सुरुवातीला जाहीर झालेल्या आणि १ जानेवारी २०२७ पासून नव्या गाड्यांना लागू होणाऱ्या मानकानुसार प्रत्येक दार बाहेरून आणि आतून यांत्रिक पद्धतीने उघडता आलं पाहिजे, आणि हँडलापाशी हात घालायला ठरावीक मापाची जागा हवी: किमान ६ सेंटिमीटर बाय २ बाय २.५. सपाटपणा, मोटर आणि विजेची लॅच यांतल्या कशाकशावर हा नियम बोट ठेवतो, ते आपण वर केलेल्या फोडीशी ताडून बघा. बातम्यांनी त्याला 'लपणाऱ्या हँडलांवर बंदी' म्हटलं. ते चूक नाही, पण ढोबळ आहे. टेस्लाचे मुख्य डिझायनर फ्रान्झ फॉन होल्झहाउझन यांनीही २०२५ मध्ये सांगितलं होतं की विजेने आणि हाताने दार उघडण्याच्या सोयी एकत्र करण्यावर काम चालू आहे.

आणि आपल्या दाराशी? चाकणला तयार झालेल्या महिंद्राच्या एक्सयूव्ही७०० ला २०२१ पासून सपाट हँडलं आली: वरच्या किमतीच्या आवृत्तीत मोटरने बाहेर येणारी, खालच्यांत हाताने दाबायची. हाच तो हेवा वाटावा असा योग, जो प्रयोगशाळेत जमवायला पैसे पडतात. गाडी तीच, रस्ते, धूळ आणि पाऊस तेच, फरक मोटरचा. अर्थात वरची आवृत्ती घेणारा आणि खालची घेणारा गाडी सारखीच वापरतो का, हे आधी तपासावं लागेल; नाहीतर मोटरचा परिणाम मोजतोय असं वाटेल आणि मोजला जाईल मालकाचा खिसा. सर्व्हिस सेंटरच्या नोंदी सहजी कुणी देणार नाही. पण पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात स्वतंत्र गॅरेजं आहेत, सुट्या भागांची दुकानं आहेत आणि जुन्या गाड्यांचा बाजार आहे. तिथे जाताना 'हँडल बिघडतं का?' असं विचारू नका. मोटरचा आवाज येत होता का, चारही गेली की एकच, त्या आधी बॅटरी कधी बदलली होती आणि दिवसातून गाडी किती वेळा उघडता, एवढे चार प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून न्या.